हॅट काढल्यावर

आई इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहायला आली की आधी किचन तिच्या ताब्यात जातं आणि मग हळूहळू स्पीकरही. तिला गाणं लावता येत नाही पण बंद करता येतं, त्यामुळे मी जे लावून लॅपटॉप उघडते ते तिच्यावर दिवसभर आदळत असतं आणि नकोसं झालं की ती ओल्या हाताची करंगळी वापरून ते बटण दाबून टाकते. अशा परिस्थितीत ड्वाइट योकम, म्हणजे कंट्री हे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं गाणं गाणारा, टिकला, हे मला विशेष वाटलं. कणीक मळता मळता म्हणाली, "हा कोण गं? सारखा बिचारा रडतोय, पण गळा काय सुरेख मुरडतो." म्हणजे तो सूर वर जाता जाता मधेच तडकतो ना, उचकी लागल्यासारखा, ते. त्यानंतर चपात्या होईपर्यंत ती त्याच्याबरोबर गुणगुणत होती, शब्द एकही कळत नसताना. त्याच शनिवारी रात्री मी 'स्लिंग ब्लेड' लावला, तिला थोडी कल्पना देऊन की बाबा हळू सिनेमा आहे, गाणीबिणी नाहीत. अर्ध्यातच ती सोफ्यावर पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "हा मुडदा कोण?" मी सांगितलं, आई, हा तोच, तुझा गळा मुरडणारा. "ह्यॅ, काहीतरीच." मग मी सिनेमा थांबवून फोनवर त्याचा हॅट घातलेला फोटो काढून दाखवला. तिने फोटो पाहिला, टीव्ही पाहिला, परत फोटो पाहिला, आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये तो सुरू झाला तसं करंगळीने बटण.

मला हसू आलं, पण ते डोक्यातून जाईना.

कारण खरं सांगायचं तर मलाही त्या सिनेमानंतर त्याची गाणी पहिल्यासारखी ऐकता आलेली नाहीत, फक्त मी बटण दाबत नाही. मी आईला म्हटलं की अगं, निळू फुल्यांना नाही का बायका खरोखरच्या शिव्या द्यायच्या, तसलं झालं हे. तर म्हणाली, "ते वेगळं. निळूभाऊ आधी घरात येऊन गात नव्हते." बरोबर आहे की हे. खलनायक आपल्याला आधीपासून खलनायक म्हणूनच भेटतो, त्याच्याशी आपलं तेवढंच असतं. गाणारा माणूस मात्र कानातून आत आलेला असतो, तुम्ही एकट्या असताना, भांडी घासताना, एअरपोर्टवरून कोणाला तरी सोडून परत येताना. आणि कंट्रीचं तर सगळं दुकानच त्यावर चालतं की गाणारा जे गातोय ते त्याचं स्वतःचं आहे. पॉपवाल्याला कोणी विचारत नाही की तुझं खरंच ब्रेकअप झालं का. कंट्रीवाल्याच्या बाबतीत लोक धरूनच चालतात. त्यामुळे असा माणूस एकदम पडद्यावर बाईचा गळा धरायला निघाला की आत कुठेतरी वाटतं, अरे, म्हणजे हेही त्याचंच का?

'स्लिंग ब्लेड' १९९६ चा. बिली बॉब थॉर्नटनने लिहिला, दिग्दर्शित केला, मुख्य काम केलं, पटकथेचं ऑस्कर घेतलं, ते सगळं ठीक. पण माझ्या डोळ्यासमोर येतो तो डॉइल, योकमने केलेला. छोट्या गावातला, एका विधवा बाईच्या घरात हक्काने पाय पसरून बसणारा माणूस. नवरा नाही, पण बसतो नवऱ्यासारखा. त्यातला एक प्रसंग आहे, संध्याकाळी ह्याचं टोळकं घरी जमलेलं असतं, म्हणे आमचा बँड आहे. पीत बसलेत, बडबडतायत, कसली तरी गाण्याची स्वप्नं. गंमत म्हणजे त्या टोळक्यातला व्हीलचेअरवरचा मित्र म्हणजे विक चेसनट, जॉर्जियाचा खराखुरा गीतकार-गायक, आणि दुसरा कर्नल ब्रूस हॅम्प्टन, तोही संगीतातलाच. म्हणजे त्या दिवाणखान्यात चांगले वाजवणारे लोक बसलेत, आणि सिनेमात ते बँड म्हणून कवडीमोलाचे आहेत. आणि मग एकदम डॉइलचं फिरतं. कशावरून ते कळतच नाही. आधी नुसता आवाज खाली येतो, मग तो सगळ्यांना हाकलायला लागतो, व्हीलचेअरवाल्यासकट, मग बाईवर हात, आणि तिचा पोरगा हाताला येईल ते उचलून त्याच्या अंगावर फेकत सुटतो. ह्यात योकम ओरडतो ते मला एवढं लागलं नाही. त्याच्या आधीचा तो थांबतो ना, ते. अपमान करण्याआधी एक श्वास घेतो. गायक ओळ उचलायच्या आधी घेतो तसाच, बरोब्बर मात्रेवर. नटाला हे शिकवून येईल का मला माहीत नाही, याला ते घशातच होतं.

आणि दुसऱ्या दिवशी तो सॉरी म्हणतो. एकदम गोड. आई तिथे म्हणाली, "आता हा सुधारणार नाही बघ," आणि उठून पाणी प्यायला गेली.

परत आली तेव्हा तिने जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या लालबागच्या चाळीत, आजोबांच्याच खात्यात कामाला असलेला एक माणूस होता, शनिवारी भजनाला पेटी वाजवायचा आणि गायचाही. त्याचा आवाज लागला की खालच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात येऊन बसायच्या. "आम्ही पोरीसुद्धा जायचो. डोळे मिटून गायचा." आणि पगाराच्या रात्री त्याच्याच खोलीतून काय काय आवाज यायचे ते सगळ्या चाळीला पाठ होतं. मी विचारलं, मग तुम्ही त्याचं भजन ऐकायला का जायचात? आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "गात चांगला होता ना." आणि लगेच, "त्याची बायको नाही यायची जिन्यात."

हे ऐकल्यापासून मला हाँकी-टाँक गाणी ऐकताना एक गोष्ट सारखी दिसते जी आधी दिसली नव्हती, म्हणजे कानावर हजारदा पडूनही. हाँकी-टाँक म्हणजे बारमधलं गाणं. त्यात कायम एक पुरुष असतो, ग्लास पुढ्यात, ती सोडून गेलेली, चूक तिची किंवा नशिबाची, आणि हा बिचारा. योकमचं निम्मं भांडवल हेच, आणि तो ते इतकं भारी गातो की तुम्हाला वाटतं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. पण हे गाणं बारमध्येच संपतं. तो माणूस उठून गाडी चालवत घरी जातो आणि दार वाजवतो, त्याच्यापुढचं कडवं कोणी लिहीत नाही. डॉइल म्हणजे ते पुढचं कडवं आहे. तोच माणूस, तीच स्वतःची कीव, तोच आवाज सुद्धा, फक्त कॅमेरा आता घरात आहे आणि बघणारा आहे बारातेरा वर्षांचा पोरगा. मला वाटतं योकमला तो इतका आतून सापडला कारण त्याने उभी तरुणाई असल्या माणसांसमोर, रात्री एक-दीडला, स्टेजवरून गाण्यात काढली होती. त्यांना तो वरून बघत होता, ते त्याला खालून. हा अर्थात माझा अंदाज.

आता ती हॅट. आईला तो ओळखू आला नाही याचं साधं कारण हॅट. योकमला हॅटशिवाय फारसं कोणी बघितलेलंच नाही, अल्बमच्या कव्हरवर, स्टेजवर, टीव्हीवर, कायम ती डोळ्यांवर ओढलेली स्टेटसन, खाली घट्ट जीन्स आणि मॅन्युएल क्वेवासने शिवलेली झगमगीत जाकिटं. डॉइलला ती हॅट नाही. कपाळ मागे सरकत गेलेलं, विरळ केस, त्यामुळे चेहरा एकदम उघडा आणि जरा लहानखुरा वाटतो. सिनेमातल्या कुठल्याही शिवीपेक्षा ते टक्कल मला जास्त धीट वाटलं. कारण एवढी वर्षं ज्याने एक आकृती उभी केली, त्याने ती एका झटक्यात उतरवून ठेवली, आणि तीही असल्या नालायक माणसासाठी.

पण गंमत पुढेच आहे. ती हॅट मुळात त्याची नाहीच. योकमचा जन्म १९५६ चा, केंटकीतल्या पाइकव्हिलचा. कोळशाचा मुलूख. आईचे वडील खाणीत होते, त्यांच्यावर त्याचं गाणंही आहे. डोंगर, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या दऱ्या, रेल्वेचे कोळशाचे डबे. तिथे गुरांचे कळप नाहीत आणि काउबॉय औषधालाही नाही. ह्या डोंगरातली जुनी वाजवणारी मंडळी फोटो काढायला सरळ सूट घालून जायची, आणि १९२० च्या दशकात रेडिओवाल्यांना खेडवळपणा विकायचा होता म्हणून त्यांना ओव्हरऑल चढवले गेले. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री ह्या रेडिओ कार्यक्रमानेही हेच केलं. हॅट आली सिनेमातून. जीन ऑट्री हा टेक्ससचा गायक, शिकागोच्या रेडिओवर नाव काढलेला, तो १९३४ मध्ये हॉलिवुडला गेला आणि गाणारा काउबॉय म्हणून असा काही चालला की त्याच्यामागे रांग लागली. मग देशभरातल्या गायकांच्या लक्षात आलं की 'हिलबिली', म्हणजे डोंगरातला गावंढळ, म्हणून हिणवून घेण्यापेक्षा घोडेस्वार झालेलं बरं, घोडा नसला तरी चालेल. हॉलिवुडला नुडी कोन नावाचा, कीव्हमध्ये जन्मलेला शिंपी ह्यांना खडे आणि भरतकामाचे सूट शिवून द्यायला लागला, मॅन्युएल त्याच्याच हाताखाली तयार झाला. १९४९ मध्ये बिलबोर्ड ह्या संगीताच्या साप्ताहिकाने आपल्या ह्या गाण्यांच्या यादीचं नाव बदलून कंट्री अँड वेस्टर्न केलं. त्यातलं ते वेस्टर्न निम्मंअधिक पडद्यावरून आलेलं. म्हणजे बघा, कंट्री गायक सिनेमात गेला हे आपण आता बातमीसारखं बोलतो, पण सिनेमा कंट्रीच्या डोक्यावर केव्हाचाच बसलेला आहे.

आईला घेऊन मी रूट २३ ने खाली गेले होते, पानगळीच्या दिवसांत. हा रस्ता आमच्या कोलंबसमधून जातो, रोज त्याच्यावर असते मी, सिग्नलला शिव्या घालत. तोच पुढे पोर्ट्समथला ओहायो नदीवर जातो, नदी ओलांडून केंटकीत शिरतो आणि पाइकव्हिलला पोचतो. केंटकीतल्या भागाला तर कंट्री म्युझिक हायवे असंच नाव दिलंय, कारण लोरेटा लिनपासून क्रिस स्टेपलटनपर्यंत एकेकाचं गाव ह्याच पट्ट्यात. बिली रे सायरसही इथलाच, जो गायक म्हणून आला आणि पुढे टीव्हीवरच्या हॅना मॉन्टानाचा बाप म्हणून जास्त पोरांना माहीत झाला. खाणीतून सुटायला लोक ह्याच रस्त्याने वर ओहायोत कारखान्यात कामाला यायचे, आणि शुक्रवारी सुटी झाली की गाडीत पोरं कोंबून परत डोंगरात, आजीआजोबांकडे. योकमचं घरही तसंच कोलंबसला आलं, तो इथेच वाढला, इथल्याच नॉर्थलँड हायस्कूलमधून १९७४ ला बाहेर पडला. त्या रस्त्यावर त्याचं एक गाणं आहे, ते मी गाडीत लावलं. आईला सांगितलं कशाबद्दल आहे ते. "म्हणजे आपले चाकरमानी," ती म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे बटण दाबलं नाही. खिडकीतून बघत राहिली. पोर्ट्समथला नदीच्या पुराच्या भिंतीवर लांबच लांब चित्रं काढलीयेत गावाच्या इतिहासाची, तिथे उतरून आम्ही डब्यातले दडपे पोहे खाल्ले. त्या भिंतीवर रॉय रॉजर्स पण आहे. ऑट्रीच्या पाठोपाठ आलेला दुसरा मोठा गाणारा काउबॉय, १९३८ पासून पडद्यावरचा हिरो. त्याचं खरं नाव लेनर्ड स्लाय, जन्म सिनसिनाटीचा, वाढला ह्या पोर्ट्समथच्या जवळ, बाप बुटांच्या कारखान्यात, आणि हाही काही दिवस त्याच कामाला. म्हणजे हाही काउबॉय ओहायोचाच! आईला हे भयंकर आवडलं. "सगळी सोंगंच की," म्हणाली, तोंडात पोहे.

सोंग म्हटल्यावर कमी लेखल्यासारखं वाटतं, पण तिच्या तोंडी तसं नव्हतं. योकम शाळेत असताना नाटकात काम करायचा, मुख्य भूमिका त्याच्याकडे असायच्या, हे माहीत झाल्यावर मला त्याच्या सगळ्या प्रवासाकडे बघायची दिशाच बदलली. सगळे लिहितात की गायक होता, मग नट झाला. उलट असेल तर? कोलंबसमधला नाटकवेडा पोरगा, १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला जातो, कारण नॅशव्हिलला तेव्हा त्याचं जुन्या वळणाचं हाँकी-टाँक नको होतं. तिथे पंक बँडवाल्यांच्या क्लबमध्ये, केसांचे तुरे केलेल्या पब्लिकसमोर गातो, डोक्यावर ती हॅट, पायात बूट, आजोबांच्या काळातलं संगीत. भूमिका तिथेच सुरू झाली होती. १९८६ ला पहिला मोठा अल्बम आला, दोन वर्षांनी बक ओवेन्ससारख्या विस्मरणात गेलेल्या दिग्गजाला बरोबर घेऊन पहिल्या नंबरचं गाणं केलं. टर्मिनेटरच्या दुसऱ्या भागात अरनॉल्ड उघडानागडा ज्या बारमध्ये शिरतो तिथे मागे ह्याचंच गाणं वाजतं, तेव्हा तुम्ही आम्ही सगळ्यांनी त्याला ऐकलेलं आहेच, नाव माहीत नसताना.

आणि हॅट काढून वाईट माणूस व्हायचं हे एकट्या योकमचं नाही. टिम मॅकग्रॉ, तोही काळी हॅट म्हणजेच मी अशातला, त्याने २००४ मध्ये 'फ्रायडे नाइट लाइट्स'मध्ये पोराला फुटबॉलवरून छळणारा दारुडा बाप केला. क्रिस क्रिस्टोफरसन तर १९७० च्या दशकातच स्टार होता, पण त्याचा चांगुलपणाच सगळ्यांनी वापरला, ती दाढी आणि ते डोळे. त्याच्यातलं विष खरं बाहेर काढलं 'लोन स्टार'ने, माणसं मारणारा हप्तेखाऊ शेरीफ. तोही १९९६ चाच. एका वर्षात दोन कंट्रीवाले आणि दोन्ही असे की बघताना पोटात गोळा यावा.

योकमने डॉइलनंतर सहा वर्षांनी 'पॅनिक रूम' केला, आणि तिथे तर हॅटच्या जागी बराच वेळ मुखवटाच आहे, डोळ्यांपुरता उघडा. म्हणजे चेहराही काढून घेतला, उरला फक्त आवाज आणि शरीर. त्यात तो पोलादी दरवाजा बंद होताना ह्याचा हात मधे सापडतो. मी ते कधीच नीट बघू शकत नाही. सिनेमात तो चोर आहे, मारेकरी आहे, त्याची कीव यायचं काही कारण नाही. पण मला तिथे चोर दिसतच नाही, मला गिटारवाल्याची बोटं दिसतात.

मधल्या काळात त्याने स्वतः एक वेस्टर्न काढला, २००० मध्ये, लिहिणं दिग्दर्शन मुख्य भूमिका सगळं स्वतःच. थॉर्नटन, विन्स वॉन, ब्रिजेट फोंडा अशी माणसं गोळा केली. आपटला. मी बघितलाय, आणि प्रेमाने सांगते, तुम्ही नाही बघितला तरी चालेल. त्यात तो पुन्हा हॅट घालून घोड्यावर आहे, मार्शलबिर्शल. स्वतःच्या हातात सगळं असताना माणूस स्वतःला हिरोच देतो, काय करणार. त्याला बिघडवायला दुसरा दिग्दर्शक लागतो.

सध्या वारं परत उलटं आहे. 'यलोस्टोन' आणि त्याच्या भावंडांमुळे कंट्री गायकांना सिरियलमध्ये बोलावणं आहे, रायन बिंगहॅम, लेनी विल्सन, आणि टिम मॅकग्रॉ सहकुटुंब '१८८३' मध्ये. पण बोलावतात ते हॅटसकट. लेनी विल्सनने तर गायिकेचंच काम केलं, तिच्याच बेलबॉटममध्ये. वाईट करतात असं नाही, मॅकग्रॉ मला चक्क आवडला. पण त्यांना कोणी सांगत नाही की जरा ते काढून ठेवा बाजूला, बघू खाली काय आहे. सांगेल कशाला, हॅटलाच तर पैसे आहेत.

आईचं जायचं आलंय आता. काल रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, त्या मुडद्याचा दुसरा काही सिनेमा आहे का. मी म्हटलं, आहे, 'लोगन लकी', त्यात जेलर आहे. तुरुंगात धुमाकूळ चाललेला असतो आणि हा बाहेरच्यांना सांगत बसतो की छे, आमच्याकडे सगळं व्यवस्थित.

"हॅट आहे?"

"गाण्यातली नाही."

"मारतो का कोणाला?"

"नाही गं. नुसता खोटं बोलतो."

"मग लाव," म्हणाली, "आणि ते खालचे शब्द मोठे कर."